मुख्य नळीतला क्षार

हे फक्त कौसाला ठाऊक होतं, आन् मला. कौसा गेली. आता एकटा मीच उरलो. लेकीच्या तोंडाकडं बघून माझ्यानं हे निघायचं न्हाई, म्हणून तुमच्याशी बोलतो.

चौथीत शाळा सोडली मी. पण घाटनांदूरच्या आसपास कुणाच्या मोसंबीचं ठिबक बंद पडलं की बोलावणं मलाच यायचं. आमच्याकडं बोरचं पाणी लई जड, नळ्यांत पांढरा क्षार धरतो. थोडं ॲसिड सोडायचं, मग जोरात पाणी सोडून नळ्या धुवायच्या — झाडाखाली परत थेंब पडायला लागतो. मोठमोठे बागाईतदार माझ्यापुढं गप उभे राहायचे. मला तेच गोड लागायचं.

कौसा माझी बायको. चालताना तिला दम लागायला लागला, म्हणून अंबाजोगाईला नेली. बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडावर धरून एक पांढरी कड दाखवली. म्हणाला, काळजातून निघणारी ही मोठी रक्तवाहिनी, हिच्या भिंतीत कॅल्शियम साचलंय. चांगली वाहिनी रबरासारखी असते — काळजानं रक्त ढकललं की फुगती, परत आवळती. ही ताठ झालीय. आता ठोक्याचा दणका पुढं मेंदूतल्या बारीक नसांना बसणार. साचलेलं निघत न्हाई. बीपीची गोळी रोज घ्यायची, एक दिवस चुकवायची न्हाई.

किती नीट सांगितलं होतं त्यानं. मी काय ऐकलं? नळी, आन् क्षार. निघत न्हाई म्हणजे काय — जन्मभर मी दुसरं केलं काय?

माणसाला ॲसिड पाजता येत न्हाई, एवढी अक्कल होती. म्हणून लिंबाचं पाणी काढलं — नुसतं आंबट, मीठ न्हाई, साखर न्हाई. आन् गोळीनं तर प्रेशर कमी होतं. प्रेशरच न्हाई तर नळी धुतली कशी जाणार? हा माझा हिशोब. गोळ्यांची पाकिटं उचलली आन् खताच्या पोत्यामागं टाकली. तिनं न्हाई — मी टाकली.

एकदाच तिनं विचारलं, "आवो, डॉक्टर गोळी चुकवू नका म्हणला होता ना?"

"डॉक्टरनं किती नळ्या उघडल्यात?"

ती हसली. "मी काय मोसंबीचं झाड हाय व्हय?" म्हणाली. पण प्याली. डोळे मिटून, तोंड वाकडं करून, रोज प्याली. माझ्या शब्दाबाहेर कधी गेलीच न्हाई ती.

एका सकाळी भाकरी थापता थापता तिचा हात परातीतच राहिला. तोंड वाकडं झालं. मला वाटलं, लिंबाचंच.

मेंदूतली नस फुटली होती. सुमन, आमची लेक, सासरहून धावत दवाखान्यात आली. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, गोळ्या चालू होत्या का? सुमननं माझ्याकडं बघितलं. कौसा शुद्धीवर होती. बोलता येत न्हवतं, पण ऐकू येत होतं — हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "तीच खात न्हवती. लई सांगून बघितलं."

कशापायी म्हणालो? भ्यालो? न्हाई. एवढ्या लोकांत माझं चुकलं म्हणायला जीभ उचलली न्हाई, इतकंच. कौसानं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर — जाऊ द्या. मग तिनं मान भिंतीकडं केली. तिथंच गेली ती.

नळीतला क्षार आतल्या पोकळीत बसतो. तिचा भिंतीतच मुरला होता. मी धुणार काय होतो? 'भिंतीत' म्हणाला होता की तो डॉक्टर, पहिल्याच दिवशी.

सुमनचा राग आईवर हाय, अजून. पित्राला पान वाढताना म्हणते, हट्टापायी गेली. आमच्या घरात हट्टी कोण होतं, हे तिला कुणी सांगितलंच न्हाई.

आता मी तिच्याकडंच राहतो. औंदा माझाही फोटो काढला. तीच पांढरी कड. सुमन सकाळी तळहातावर गोळी ठेवते, म्हणते, "आण्णा, आईसारखं करू नका." मी मान हलवतो. पाण्याचा घोट घेतो.

गोळी रोज घेतो मी. एक दिवस चुकवत न्हाई.