स्लॅबवरचं पाचट

अंथुर्ण्याच्या माझ्या मामानं पांढऱ्या मातीचं माळवद पाडून घरावर स्लॅब टाकला, तो राहायला नव्हे, विकायला. दोन्ही लेकी बारामतीला दिलेल्या. मामीचा जीव सगळा तिकडं. घर चांगल्या भावात गेलं तरच बारामतीत दोन खोल्या घेता येणार होत्या. त्या नव्वदच्या दशकात स्लॅब म्हणजे भाव, असं जो तो म्हणायचा. मामी म्हणत होती, माळवदाचा गारवा घालवू नका. पण मामा कसला ऐकतोय! हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारा माणूस तो.

गिऱ्हाईक आलं ते नेमकं वैशाखात, भर दुपारी. इंदापूरकडचे एक तात्या आणि त्यांची बायको. लाईट गेलेली. मामीनं रीतीप्रमाणं पाहुण्यांना गार जागेत बसवलं, म्हणजे गोठ्यात. तिथं उसाच्या वाळल्या पाल्याचं, पाचटाचं छप्पर होतं. चहा झाला, मग तात्या घर बघायला आत गेले आणि मान पुसत लगेच बाहेर आले. दुपारचं कुठं बसता, असं त्यांनी मामीला विचारलं. मामा डोळ्यांनी खुणावत होता. पण मामीला मेलीला खोटं कुठं बोलता येतंय! हितंच, जनावरांपाशी, असं तिनं सांगून टाकलं. तात्यांनी भाव असा पाडला की मामाचं तोंडच उतरलं. दोन दिवस तो मामीशी बोलला नाही. मला तिची फार कीव आली.

पुढच्या उन्हाळ्याआधी मामीनं ऊसतोड झालेल्या रानातून पाचट आणवलं आणि स्लॅबवर हातभर जाड अंथरलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर काथ्याची जाळी ताणली. लोक म्हणतील बंगल्यावर खोपट बांधलं, म्हणून मामा कुरकुरला. पण घर निवलं. त्या वैशाखात मामी स्लॅब टाकल्यापासून पहिल्यांदा दुपारची आत झोपली.

तात्या पुन्हा आले, याही वेळी बायकोला घेऊन. ती माउली मधल्या खोलीत फरशीवर जरा टेकली आणि तिचा डोळाच लागला. तात्यांनी घासाघीस केली नाही. मामानं मनात धरलेला भाव त्यांनी आपल्या तोंडानं सांगितला, फक्त पाचट काढायचं नाही म्हणाले.

आणि मामाच गडबडला. मामीला चुलीपाशी बोलावून हळूच म्हणाला, "आता कुठं घर राहण्याजोगं झालंय. ऱ्हाऊ या का हितंच?"

मामीनं झोपलेल्या त्या बाईकडं पाहिलं. मामीचे डोळे भरून आले होते. त्या घराची तिला माया नव्हती असं कोण म्हणेल?

"अवो, घर काय, कुठंबी गार करता येतं," ती म्हणाली. "लेकी न्हाय आणता येत हितं."

मामा बाहेर गेला आणि तात्यांना हो म्हणाला.