ट्रंकेतला पत्र्याचा माणूस

लग्नाला काही वर्षं होऊनही माझी कूस उजवली नव्हती, आणि नवरा मुंबईला. आमच्या कापडे गावातल्या लोकांना एवढं पुरे होतं. उरलेलं ते स्वतःच रचत.

त्या शिमग्याला हे आले ते ट्रंकेला कुलूप घालून. खेळण्यांच्या कारखान्यात पत्रा कापतात, एवढंच आम्हाला ठाऊक. हे अंघोळीला गेले तशी सासूबाईंनी सदऱ्यातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. स्वतः उघडायच्या नाहीत, मोठ्या धोरणी! आत धोतरात गुंडाळलेला पत्र्याचा माणूस निघाला. चौकोनी डोकं, लाल डोळे, पाठीला चावी.

"हा कुनाच्या पोरासाठी गो?" सासूबाई म्हणाल्या. "आपल्या घरात तर पोर नाय."

मुंबईत दुसरं बिऱ्हाड मांडलेले पुरुष आमच्याच वाडीत होते. जेवायला वाढताना मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. मनात चोर असलेला माणूस असा पोटभर जेवतो का? सराईत असला की जेवतोही.

दुसऱ्या दिवशी देवाची पालखी अंगणात आली. सासूबाई गुरवाच्या कानाशी लागल्या आणि त्यानं खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "ह्या घरच्या लेकानं मुंबयला दुसरी बाय ठेवली आसल, तर ती पीडा टळू दे रे महाराजा!"

"होय महाराजा!" सवयीप्रमाणे सगळी वाडी ओरडली.

हे पांढरेफटक पडले. मग आत जाऊन तो पत्र्याचा माणूस घेऊन आले आणि चावी देऊन अंगणात सोडला. तो डुगडुगत थेट पालखीकडे निघाला. गुरव मागे सरला.

"जपानी हाय," हे म्हणाले. "शेटनी नमुना म्हणून दिलाय. नवीन खेळणी काढायचं काम आता माझ्याकडं हाय. मी केलेला दोन पावलांत पडतो. हा का पडत नाय, ते बघायला आणलाय."

माझा जीव भांड्यात पडला, पण थोडाच वेळ. पालखी गेल्यावर ह्यांनी तो सुपात सुटा केला. पत्र्याच्या आतल्या बाजूला माशाचं चित्र होतं; कुठलातरी जुना डबा कापून तो बनवला होता. "बघ, काय डोकं त्या जपान्याचं!" कधी न पाहिलेल्या त्या माणसाबद्दल हे संध्याकाळभर बोलत राहिले. माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते.

"आता पुन्हा कधी याल?" मी विचारलं.

"माझा चालायला लागला की," हे सुपातून मान वर न काढता म्हणाले.

दुसरी बाई असती तर मुंबई गाठून तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. आता कुणाच्या उपटू?