वाळवंटातली वळचण

मेस्त्रींना कुठलीही इमारत दाखवा, ते छपराच्या कडेकडे बघून आधी "छ्या!" म्हणायचे. दुबईतल्या निम्म्या मनोऱ्यांचा निकाल त्यांनी कंपनीच्या बसच्या खिडकीतून असाच लावला होता.

आमचं तळ्याकाठचं हॉटेल मात्र त्यांनी माफ केलं होतं, कारण ते त्यांनीच बांधलं होतं. रत्नागिरीहून विशीत आलेले हे कोकणी मुसलमान गवंडी पुढे तिथेच देखभालीवर राहिले. तळं खोदलेलं, त्यात शुद्ध केलेलं सांडपाणी, आणि चाळीस वर्षांच्या या वास्तूला आम्ही 'ऐतिहासिक' म्हणायचो. मेस्त्री हसायचे. "माझ्या घरची विहीर याच्या चौपट जुनी. तिला कोण तिकीट लावतो?"

तळ्याकडच्या बाजूला छप्पर भिंतीच्या दीड हात पुढे आलं होतं. असं या मुलखात मी कुठे पाहिलं नव्हतं.

"वळचण ती," मेस्त्री म्हणाले. "नकाशात नव्हती. आम्ही सगळे कोकणातले. वळचणीबिगर भिंत उभी करायची तर हात चालेना. इंग्रज इंजिनिअर ओरडला, नो रेन हियर! मी म्हटलं, टुडे नो."

नूतनीकरणाचं काम माझ्याकडे होतं. लॉबीतल्या इतिहासाच्या पाटीवर गवंड्यांची नावं घालीन, असा शब्द मी दिला होता. प्रत्यक्षात डिस्कव्हरी गार्डन्समधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून लिहिलं, 'सावलीसाठी योजलेली प्राचीन अरबी रचना'. मॅनेजर खूश झाले.

"आणि आमची नावं?"

"जागा कमी पडली, मेस्त्री."

"थापेला पुरली ना? छ्या!" तो 'छ्या' पहिल्यांदाच माझ्यासाठी होता.

पुढे मॅनेजरना फोटोसाठी 'क्लीन लाइन' हवी झाली, भिंतीपुढे काही न डोकावणारी. मेस्त्री माझ्या केबिनमध्ये आले आणि न सांगता बसले. "पाटी खोटी राहू दे. वळचण तोडू नका."

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

"आमचाच शब्द आमच्यावर चालवता, पुणेकर? इथले साहेब नाही म्हणायचं असलं की तोच म्हणतात."

वळचण तोडायच्या ड्रॉइंगवर माझी सही आदल्याच दिवशी झाली होती. त्या महिन्यात त्यांचा व्हिसा संपत होता, म्हणून तोडकाम मी ते गेल्यानंतरच्या आठवड्यात लावलं. विमानतळावर सोडायलाही मीच गेलो. "वळचण राहील," असं त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं. माझ्याइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मग वर्षभराचा एका दिवसात कोसळला तो पाऊस आला. तळ्याकडच्या सगळ्या खोल्यांत भिंतींवरून पाणी उतरलं. गालिचे पिळत असताना मेस्त्रींचा व्हॉइस मेसेज आला. "टीव्हीवर बघितलं. सगळी दुबई बुडाली म्हणतात. आपलं कोरडं असेल. वळचण आहे ना?"

मी लिहिलं, "हो. कोरडं आहे."

"बघा!" त्यांचा आवाज आनंदाने फाटला होता. "आता तरी पाटीवर लिहा, पुणेकर!"

पाटी लॉबीत आहे तशीच आहे. तिला थेंबही लागला नाही.