सहाचा गुलाब आणि कडीची पिशवी

माझी एक शाळेपासूनची मैत्रीण आहे. ती बिबवेवाडीला, मी कोथरूडला. दोघींची मुलं परदेशात आणि नवरे भिंतीवरच्या फोटोत. गेल्या वर्षी मी बाथरूममध्ये घसरले आणि कामवाली येईपर्यंत दोन तास फरशीवर पडून होते. त्याच आठवड्यापासून हिने मला उत्तेजन द्यायचा विडा उचलला.

रोज सकाळी सहाच्या ठोक्याला मोबाइलवर गुलाब. गुलाबाखाली सुविचार. 'हसत राहा, जगही हसेल.' अहो, माझं कंबरडं मोडलेलं, त्यात जग हसायला लागलं तर मी काय करू? कधी उगवता सूर्य, कधी चहाचा कप आणि त्याच्या वाफेत चक्क गणपती! बदल्यात मी तिला गावात सापडलेल्या पाट्यांचे फोटो पाठवायचे. 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही म्हातारे आहोत, बहिरे नाही.' एका दुकानात, 'सुट्टे मिळणार नाहीत. सल्लाही मिळणार नाही.' याला म्हणतात विचार. ती हसरं तोंड पाठवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गुलाब.

एके दिवशी आलं, 'प्रत्येक सकाळ ही नवी संधी असते.' त्या सकाळी नळाला पाणी नव्हतं आणि गॅस संपलेला. माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, 'बाई गं, संधी राहू दे, झोप मिळू दे. रोज पाठवायची सक्ती नाही.' तेवढ्यावर थांबेन तर मी पुण्याची कसली? सेटिंगमध्ये जाऊन निळ्या खुणाही बंद केल्या. मी वाचलं की नाही, हे तिला कळायलाच नको.

दुसऱ्या दिवशी गुलाब आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सुटले बाई एकदाची, म्हटलं. चौथ्या दिवशी सहाला दहा कमी असताना जाग आली आणि मी फोन हातात धरून बसले. शी! स्वतःचीच लाज वाटली. मग एका पाटीचा फोटो पाठवला. उत्तर आलं, 'छान.' ना हसरं तोंड, ना काही. ही रुसली, आता साठ वर्षांची मैत्री एका गुलाबापायी जाते की काय? पण फोन मी करायचा? मी का म्हणून?

असे तीन आठवडे गेले. मग एकदा सर्दीची गोळी घेऊन झोपले ती साडेसातपर्यंत. दारावरची बेल एकदा नाही, चारदा वाजली. दारात सोसायटीचे म्हातारे वॉचमन. हातात माझी दुधाची पिशवी.

"काय हो, आग लागली का?" मी खेकसले.

"न्हाई ताई. पिशवी अजून कडीलाच व्हती, म्हणून वाजवली. तुमच्या बिबवेवाडीच्या बाईंचा रोज सातला फोन येतो. पिशवी आत गेली का बघा, म्हणत्यात. आज न्हाई म्हटलं, तर लई घाबरल्या. रिक्षा करून निघायच्या म्हणत होत्या."

मी दारातूनच फोन लावला. "जिवंत आहे मी. रिक्षात बसू नकोस."

"चपला घातल्या होत्या मी," ती म्हणाली.

"अगं, एवढी काळजी होती तर मला नाही का विचारायचं?"

"तूच म्हणालीस, सक्ती नाही."

"आणि वर्षभर ते सुविचार?"

"ते कोण वाचतंय? येतील ते पुढे ढकलत होते. तुझ्या निळ्या खुणा दिसल्या की कळायचं, उठलीस. मग मी माझा चहा टाकायचे."

मला रडूच कोसळलं. वर्षभर मी ज्या सुविचारांची टर उडवली, ते तिने वाचलेसुद्धा नव्हते. आणि तिला हवं होतं तेवढंच मी नेमकं बंद केलं होतं.

"आणि तू उठलीस का, हे कोण बघतं गं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "दूध आत घे, नासेल."

दुसऱ्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन निळ्या खुणा पुन्हा चालू केल्या आणि सहाला पाच कमी असताना मी तिला गुलाब पाठवला. खाली काहीतरी सुविचार होता, मी वाचला नाही. तिच्या खुणा निळ्या झाल्या, तेव्हा उठून चहाचं आधण ठेवलं.