बाहेरचा बाक

माझ्या काकांना सगळं गाव हरकतकाका म्हणतं, आणि त्यांना त्याचं जराही वाईट वाटत नाही. उलट कुणी नुसतं काका म्हटलं तर ते बावचळतात. चष्म्याचं दुकान हा त्यांचा धंदा. पण पालिकेच्या सभेत विषय निघाला की उभं राहून 'हरकत आहे' म्हणणं हेच त्यांचं खरं काम, असं माझं प्रामाणिक मत आहे. अर्धी सभा त्यांच्याच दुकानातले चष्मे लावून बसते. "माझ्याच काचांतून बघतात आणि माझंच म्हणणं यांना दिसत नाही," असं ते घरी येऊन सांगतात.

त्यांची हरकत बहुतेक वेळा एकच असते: "ज्यांचं आहे त्यांना विचारलं का?" बसथांबा हलवायचा म्हटलं की थांब्यावर उभे राहणाऱ्यांना विचारलं का. रस्त्यावर नवा दिवा लावायचा म्हटलं की ज्यांच्या झोपायच्या खोलीत उजेड पडणार त्यांना विचारलं का. स्मशानाची भिंत वाढवायचा विषय निघाला तेव्हा आता हे काय म्हणतात म्हणून सगळे जीव मुठीत धरून बसले होते. पण काका शेजारच्या घरांबद्दलच बोलले. लोक वैतागतात, नावं ठेवतात आणि पुढच्या निवडणुकीला पुन्हा त्यांनाच निवडून देतात. असा माणूस घरात नको असतो, पण सभेत हवा असतो.

घरात तो माणूस काकूच्या वाट्याला आला. काकूचा स्वभाव अगदी उलटा. सभेची पायरी ती कधी चढली नव्हती. ती पाळणाघर चालवायची. शाळेच्या आवाराला लागून पालिकेची एक बैठी इमारत होती, तिच्यात दोन खोल्या. कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायका सकाळी मुलं तिथे सोडायच्या. मीही त्या मुलांतलीच. माझी आई सकाळच्या पाळीला असायची. दाराजवळ बुटक्या खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एक चित्र. माझी खुंटी बदकाची. आणि एक खिडकी होती, इतकी खाली की दोन-तीन वर्षांच्या पोराची हनुवटी चौकटीवर टेकावी. तिथून कारखान्याचं फाटक दिसायचं. आया फाटकातून वळून हात हलवायच्या. मग खिडकीतली गर्दी मोडायची आणि दिवस सुरू व्हायचा.

मी मोठी होऊन शेजारच्याच शाळेत शिक्षिका झाले. आणि शाळेचं म्हणाल तर तिची अवस्था बघवत नव्हती. वर्ग कमी आणि मुलं जास्त, म्हणून शाळा दोन पाळ्यांत भरायची. सकाळची मुलं उठायची आणि त्यांनी ऊबदार केलेल्या बाकांवर दुपारची बसायची. माझा एक वर्ग तर जिन्याखाली भरत असे. वरून कुणी धावत गेलं की मी फळ्यासमोर गप्प उभी राहायची. नवी इमारत हवी म्हणून काका सभेत इतकी वर्षं भांडले की शेवटी विषय मंजुरीला आला, तेव्हा तो त्यांचाच विजय आहे असं विरोधकही म्हणाले.

इंजिनियरने नकाशा आणला आणि सगळं उघड झालं. आवारात मोकळी जागा नव्हतीच. नवी इमारत बसणार होती ती एकाच ठिकाणी, पाळणाघराच्या जागेवर.

इथे काकांच्या एका जुन्या हरकतीबद्दल सांगायला हवं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सदस्याच्या मेव्हण्याला कसलंसं काम मिळालं होतं, आणि त्याला मंजुरी देताना मेव्हणेबुवांच्या बाजूने सर्वात आधी हात वर गेला तो याच सदस्याचा. काकांनी आकाशपाताळ एक केलं आणि नियम करून घेतला: ज्या विषयात सदस्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा संबंध असेल, तो विषय चालू असताना त्या सदस्याने सभागृहाबाहेर बसायचं. त्यावर पुन्हा त्यांचीच हरकत, की बाहेर म्हणजे कुठे? माणसाने काय जिन्यात उभं राहायचं? म्हणून दाराबाहेर एक लाकडी बाक आला. त्या बाकावर आजवर बहुतेक सगळे सदस्य बसून गेले होते. काका कधीच बसले नव्हते.

नकाशा आला त्या संध्याकाळी काकू जेवताना म्हणाली, "तुम्ही सभेत बोलणार ना?"

"मला बाहेर बसावं लागेल," काका म्हणाले. "नियम आहे."

"तुमचाच ना तो?"

"माझाच."

काकूने ताट बाजूला सारलं. मी समोरच होते. तिच्या चेहऱ्यावर राग दिसेल असं मला वाटलं होतं, पण तिथे दया होती. बिचाऱ्याला स्वतःच्याच नियमाने गप्प केलं, अशी दया. काकांनी मान खाली घालून जेवण संपवलं.

सभेच्या दिवशी शाळेतून आम्ही सगळ्या शिक्षिका गेलो. नागरिकांसाठीच्या मागच्या खुर्च्या भरल्या होत्या. काकू कोपऱ्यातल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर धरून बसली होती. ती येणार हे कुणालाच माहीत नव्हतं, काकांनाही नाही. विषय पुकारला तसे काका उठले, सगळ्यांसमोरून चालत बाहेर गेले. मला बसायला जागाच नव्हती, म्हणून मीही त्यांच्या मागोमाग जाऊन बाकावर टेकले. दाराची स्प्रिंग गेलेली असल्यामुळे दार अर्धवट उघडंच राहायचं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर. समोरच्याला तोंड उघडायला लावायची आणि बंद करायला लावायची अशा दोन्ही सवयी त्यांना आहेत. त्यांनी विचारलं, "कुणाची हरकत?" आणि आत शांतता पसरली. एरवी ही शांतता काका टिकूच देत नाहीत. त्या दिवशी ती चांगली लांबली. मग काकूचा आवाज आला.

"मला बोलायचंय."

काका ताठ बसले. "आधी अध्यक्षांना उद्देशून म्हणायचं असतं," ते पुटपुटले. "मग नाव सांगायचं. मग विषय."

काकूने यातलं काहीच केलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही आम्हाला दुसरीकडे हलवाल, मला कळतंय. पण जिथे हलवाल तिथे खिडकी खाली ठेवा. मुलाला आई जाताना दिसली की ते थोडं रडतं आणि खेळायला लागतं. नाही दिसली तर दिवसभर दाराकडे बघत बसतं. इतकी वर्षं मी बघतेय. बाकी मला नकाशातलं काही कळत नाही."

काकांचं पुटपुटणं थांबलं होतं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग माझ्याकडे न वळता हळूच म्हणाले, "मी आत असतो ना, तर हात वर केला असता."

"विरोधात?"

"बाजूने. शाळेच्या बाजूने. दुसरी जागाच नाही गं. मी किती रात्री नकाशा उलटासुलटा करून बघितला." मग म्हणाले, "बरं झालं नियम आहे. तिला सांगावं लागलं नाही."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. शिक्षिका म्हणून मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लगेच लाज वाटली. जिन्याखालचा वर्ग डोळ्यांपुढे आला आणि बदकाची खुंटीही आली. आत हात वर झाले. इमारत मंजूर झाली. पाळणाघराच्या पर्यायी जागेचा विषय पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं.

त्यानंतरचा महिना काकांसाठी शिक्षाच होता. काकू त्यांच्याशी इतकी चांगली वागत होती की बघणाऱ्याला काळजी वाटावी. चहाचा पहिला कप त्यांना, दुधावरची साय त्यांना, पंख्याखालची जागाही त्यांना. भाजीवालीपासून कारखान्यातल्या बायकांपर्यंत सगळ्यांना ती सांगायची, "यांना बाहेर बसावं लागलं, नाहीतर यांनी सभा डोक्यावर घेतली असती." काका हे ऐकायचे आणि चष्म्याच्या काड्या उगाच घट्ट करत बसायचे. एकदा मी दुकानात गेले तर एका गिऱ्हाइकाला त्यांनी दुसऱ्याचाच चष्मा दिलेला. तो माणूस बिचारा भिंतीला धरून परत आला होता.

"सांगून टाका तिला," मी म्हटलं.

"सांगतो."

"कधी?"

"योग्य वेळ बघून."

योग्य वेळ म्हणजे घरातली कुठलीच वेळ नव्हे, हे मला पुढच्या सभेत कळलं.

त्या सभेला काकू पुन्हा आली, खिडकीचं बघायला. या वेळी मला तिच्या शेजारची खुर्ची मिळाली. आमच्या सभेची रीत अशी की सुरुवातीला सचिव मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतात, म्हणजे मागच्या वेळी काय काय झालं ते. आणि काकांची रीत अशी की त्यावर ते एक तरी हरकत घेतातच. सचिव वाचून थांबले आणि सवयीने काकांकडेच बघायला लागले.

काका उठले. "हरकत आहे."

मागे कुणीतरी सुस्कारा टाकला.

"इतिवृत्तात लिहिलंय, सदस्य नियमानुसार बाहेर गेले. हे खरं आहे, पण अर्धं. पूर्ण लिहायचं तर असं लिहा की सदस्य आत असते तर त्यांनी इमारतीच्या बाजूनेच मत दिलं असतं. पाळणाघर जाणार हे माहीत असून. ते चालवणारी त्यांच्या घरातली आहे हे माहीत असून."

ते अध्यक्षबाईंना उद्देशून बोलत होते, पण तोंड मागच्या खुर्च्यांकडे होतं. मला शेजारी बघायचा धीर झाला नाही. पिशवीचा बंद काकूने बोटाला गुंडाळला होता, एवढं मात्र दिसलं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाहेर बसलेल्या सदस्याचं मत नोंदवता येत नाही. नियम तुमचाच आहे."

"माहीत आहे. नका नोंदवू."

"मग काय करू?"

"काही नाही. ऐकलंत, तेवढं पुरे."

पुढचाच विषय पाळणाघराच्या जागेचा. त्यामुळे काका खाली बसलेच नाहीत. तसेच चालत बाहेर गेले, बाकावर. आणि अध्यक्षबाईंनी नागरिकांपैकी कुणाला बोलायचंय का विचारलं. काकूने बोटाचा बंद सोडला आणि ती उभी राहिली. जुन्या दवाखान्याची जागा ठरत होती; तिथल्या खिडक्या उंच आहेत, त्या खाली घ्या, आणि कारखान्याचं फाटक तिथून दिसत नाही तर निदान रस्ता दिसेल अशा बाजूला घ्या, असं तिने सांगितलं. इंजिनियरने लिहून घेतलं. विषय मंजूर झाला. दवाखाना लांब आहे. काही आया तिथे मुलं आणणार नाहीत, हे तिलाही कळत होतं आणि आम्हालाही.

घरी जायला आम्ही तिघं निघालो. काका दोन पावलं मागे चालत होते. मी माझ्या घरी सटकायच्या बेतात होते, पण काकू म्हणाली, "चहा घेऊन जा." ती असं म्हणते तेव्हा तो प्रश्न नसतो.

स्वयंपाकघरात तिने आधण ठेवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "एवढं सांगायला सभा लागली तुम्हाला?"

"घरात धीर झाला नाही," काका म्हणाले. "तिथे अध्यक्षबाई असतात. फार तर खाली बसा म्हणतात."

मला हसू आलं आणि मी ते गिळलं. काकू हसली नाही. तिने गॅस बारीक केला आणि वळली.

"तुम्ही कुणाच्या बाजूने मत दिलं असतं, त्याचा मला राग नाही. जिन्याखाली ही कशी शिकवते ते मला दिसत नाही का? पण कुणाच्या खिडकीत दिव्याचा उजेड पडणार असला तरी तुम्ही विचारता, त्यांना विचारलं का. आयुष्यभर तेच विचारत आलात. मला विचारलंत?"

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

चहाला उकळी आली. काकूने तो गाळला, कप ओट्यावर मांडले. काका म्हणाले, "विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

"आधी रडले असते," काकू म्हणाली. "मग म्हटलं असतं, देऊन टाका."

काका खुर्चीवरून उठले, ओट्याशी गेले आणि चहाचं भांडं त्यांनी तिच्या हातातून घेतलं. पहिला कप त्यांनी तिच्यापुढे ठेवला. मग तिच्या समोरच्या स्टुलावर बसून त्यांनी विचारलं, "सकाळी खुंट्या काढायला येऊ का? येऊ ना?"

"या," काकू म्हणाली. "चित्रं फाटू देऊ नका."