खांद्यावरचा पांढरा टाका

क्लबची स्मरणिका हाती पडली आणि तिसऱ्याच पानावर देवकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'आमच्या संघाचा लाल रंग संस्थापक चेअरमननी शौर्याचं प्रतीक म्हणून निवडला. खांद्यावरची पांढरी रेघ शांततेची.'

शौर्य म्हणे! चाळीस वर्षांपूर्वी ही फुटबॉल टीम म्हणजे डिचोलीजवळच्या एका खाणीवरची ट्रक चालवणारी पोरं. मैदान खनिजाच्या ढिगाला लागून, आणि जर्सी पांढरीशुभ्र. कुणाची अक्कल, देव जाणे! धुणं देवकीकडे. सोडा घाला, दगडावर आपटा, नीळ द्या. तांबडी माती हलायचं नाव घेत नसे. खांदे उसवायचे. साधा दोरा एका झटापटीत तुटायचा, म्हणून ती खताच्या पोत्याचा प्लास्टिकचा दोरा ओढून टाके घालायची. शेवटी एका मोठ्या सामन्याआधी वैतागून तिने बाजारातून लाल रंगाच्या पुड्या आणल्या, पाणी उकळलं आणि अकराच्या अकरा जर्सी बुडवल्या. कापड लाल झालं. प्लास्टिकच्या दोऱ्याला रंग चढेना, टाके पांढरेच राहिले.

जर्सी बिघडवल्या म्हणून खाणीच्या मॅनेजरने तिला सगळ्यांदेखत कामावरून काढलं. दुसऱ्या जर्सी नव्हत्या म्हणून पोरं त्याच घालून खेळली, आणि जिंकली. मग काय, लाल रंग शुभ ठरला! पुढे टीम पगारी झाली, टीव्हीवर दिसू लागली. देवकी पेडण्यात काजूच्या बागेत मजुरीला गेली. तिला परत कुणी बोलावलं नाही.

क्लबच्या वर्धापनदिनाच्या समारंभाला ती बोलावण्यावाचूनच गेली. शाल नको होती, नारळ नको होता. पुस्तकात एक ओळ हवी होती, की रंग देवकीने दिला. स्टेजवर तेव्हाचा कॅप्टन शिवदास गळ्यात हार घालून बसला होता. तिला काढलं तेव्हा तो तिथेच उभा होता.

"शिवदासा, तुझ्या खांद्यार टाको कोणी घातलो? सांग ह्यांका!"

शिवदासने हाराची फुलं चाचपली. "खूप वर्सां जाली गे, देवकीवयनी."

एवढंच. बाईने शिवलेली जर्सी घालून ज्याने कप उचलला, त्याच्या तोंडून एवढंच निघालं! क्लबचा संदीप धावत आला. "आजी, गडबड नको. ही घ्या नवी जर्सी, आमच्याकडून भेट," म्हणत त्याने तिला दारापर्यंत आणून सोडलं. चोर तो चोर, वर शिरजोर.

पेडण्याच्या बसमध्ये तिने पिशवी फोडली. जर्सी लालभडक होती आणि खांद्यावर ओळीने पांढरे टाके होते, तिच्याच मापाचे, थोडे तिरके. तिने अंगठा फिरवला. मग नखाने खरवडलं. दोरा कुठेच लागेना. टाके नव्हतेच, नुसते छापले होते.

"टाको चोरल्यात तो चोरल्यात," ती भर बसमध्ये ओरडली, "निदान शिवूचो तरी होतो, मेल्यांनो!"