गजाच्या दुकानासमोर तीन दिवस

दर्यापूरच्या भाजीबाजारात आम्हा चार दोस्तांची चहाची बैठक असते. तिथे किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. सध्या सगळे आमच्यातल्या सुन्याचेच! पठ्ठ्या मालवाहू जहाजावर खलाशी आहे. सांगताना आमचीच छाती फुगते.

*

सर्वांत जास्त फुगते ती गजाची. त्याचं भाजीचं दुकान. परवा ढगांकडे पाहत एका आजीनं त्याला विचारलं, "आज पाणी येते का रे बाप्पा?"

गजानं मोबाइल पाहून सांगितलं, "इथलं मले माहीत नाही आजी, पण सिंगापूरले आभाळ हाये!"

सुन्याचं जहाज तिकडे होतं.

*

नोकरी लागली तेव्हा सुन्याच्या वडिलांना काही पटेना. आमचा सगळा खारपाण पट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही.

"खारं पाणी पाह्याले इतक्या दूर कायले जाऊन राहिला? आपल्या हिरीत काय कमी हाये?"

पण गावभर पेढे त्यांनीच वाटले.

*

ट्रेनिंगचे पैसे गजानंच दिले होते. निघायच्या आठवड्यात मेडिकल, लस, बूट असे आठ हजार आणखी निघाले. सोमवारी मुंबईत हजर झाला नाही, तर जहाज दुसऱ्याला घेऊन जाणार.

पुन्हा कोणत्या तोंडानं मागायचे? सुन्या दुकानापुढे उभा राहिला, जीभ उचलेना, दोन किलो वांगी घेऊन घरी आला. दुसऱ्या दिवशीही तेच.

त्याची आई कपाळावर हात मारून म्हणाली, "मायबाई, पुन्हा वांगे!"

*

तिसऱ्या दिवशी मी सोबत होतो. सुन्यानं पुन्हा वांग्यांकडे हात नेला.

गजा म्हणाला, "काहून बे, जहाजावर नुसते वांगेच खातात काय? बोल, किती पायजे?"

"आठ हजार," सुन्या खाली मान घालून म्हणाला.

आता गजाचा काटा एकदम चोख. पण तोलून झालं की वरून मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिशवीत टाकल्याशिवाय तो गिऱ्हाईक सोडत नाही. त्यानं आठ हजार मोजून सुन्याच्या हातावर ठेवले. सुन्याचे डोळे भरले, माझेही. तो वळणार तोच गजानं पाचशेच्या आणखी दोन नोटा त्याच्या खिशात कोंबल्या.

"अबे, आठच लागतात!"

"मले मोजता येते. हा वरचा सांभार होय. चाल, निंघ आता!"